गावातल्या मुलांच्या मंडळाची शिट्टी माझ्या हातात आलीय. गळ्यात घालू का?

मांजराकाठ · ५ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव रेणापूर तालुक्यात. गावात दर शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मुलांचं मंडळ भरतं. मंडळ म्हटलं की लोक आधी वर्गणीची पावती बघतात, म्हणून सांगतो, गणपतीचं नव्हे. दहा ते सोळा वयाची तीस-पस्तीस लेकरं जमतात. थोडा खेळ, थोडी गाणी, काहीतरी हातानं करायचं काम. गेली अकरा वर्षं एक निवृत्त गुरुजी हे एकहाती चालवतात. आता त्यांचे गुडघे ऐकेनात आणि लेक पुण्याला बोलावतोय. मागच्या रविवारी खेळ संपल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "बघा जमतंय का," एवढंच म्हणाले.

मी लातूरला आडतीवर हिशेब लिहितो. रोज येऊन-जाऊन करतो. अडीच वर्षांची मुलगी आहे. बायकोचं म्हणणं, "स्वतःच्या लेकराला रविवारी तरी बाप दिसू द्या." तिचंही खरंच आहे. मला गाणी येत नाहीत. खो-खोचे नियम धड आठवत नाहीत. या कामात किती वेळ जातो, पदरचे किती जातात, आणि एखाद्या लेकराला काही झालं तर कोणाच्या गळ्यात येतं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

बिनकामाचा · ५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

घेऊ नका. झोपा.

मी सात वर्षं गावात अभ्यासिका चालवली. पहिल्या वर्षी कौतुक. दुसऱ्या वर्षी "याला पंचायतीला उभं राहायचं दिसतंय." तिसऱ्या वर्षी एका पुढाऱ्यानं पोरांना टी-शर्ट वाटले, पाठीवर स्वतःचा फोटो. मी नको म्हणालो तर मीच वाईट, कारण पोरांना टी-शर्ट हवे होते. नंतर एक पोरगं झाडावरून पडलं, हात मोडला. झाड अभ्यासिकेपासून अर्धा किलोमीटर लांब, पण त्याचा बाप माझ्याच दारात. दवाखान्याचं बिल मी भरलं. आजही बाजारात दिसला की तोंड फिरवतो. तो हां, मी नव्हे.

खडूफळा · ६ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

बिनकामाचा, तुम्ही सात वर्षं केलंत हे तुमच्याच प्रतिसादात लपलंय बघा.

मांजराकाठ, मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि शाळेबाहेर असाच एक गट चालवला. तुमच्या प्रश्नांना जमेल तसं उत्तर देते. वेळ: मुलांसमोरचे आठवड्याचे चार तास आणि तयारी-निरोपानिरोपीचे आणखी दोन धरा. पैसा: दोऱ्या, खडू, एखादा चेंडू. महिन्याला चहापाण्याइतका. पण एक रुपयाही खिशातून गुपचूप घालू नका. घातला तर वहीत लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला तुमच्यासारखा खिसा असावा लागेल.

जबाबदारीचं मात्र नीट ऐका. पहिली गोष्ट, मुलांसोबत कधीही एकटे मोठे राहायचं नाही. दोन मोठी माणसं हवीतच आणि मुली आहेत म्हणजे त्यातली एक बाई हवी. मोटारसायकलवर एका लेकराला मागं बसवून सोडायला जायचं नाही, मग ते शेजाऱ्याचं का असेना. बंद खोलीत काही नाही, सगळं ओसरीवर. व्हॉट्सॲपवर निरोप पालकांच्या गटात, मुलाला सुटा मेसेज नाही. लोक म्हणतील, गावात सगळे ओळखीचे, कशाला एवढं? लेकरांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा ओळखीच्या माणसाला वेगळा नाही, आणि लेकराला त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. नियम तुमच्यावर संशय म्हणून नाहीत. उद्या तुमच्या जागी कोण येईल हे तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी आहेत. शिवाय प्रत्येक घरून सहीचा कागद घ्या: मूल येतं हे आम्हाला माहीत आहे, त्याला अमुक आजार आहे किंवा नाही, आणि काही झालं तर या नंबरवर फोन करा. बिनकामाचा यांच्याकडे असा कागद असता तर तो बाप दारात आला असता का, माहीत नाही. पण बोलायला काहीतरी हातात असतं.

आता माझा एक प्रश्न. मंडळ भरतं कुठे?

मांजराकाठ · ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

हनुमानाच्या देवळापुढच्या पारावर. सावली आहे, हापसा जवळ आहे.

खडूफळा · ७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

मग गुरुजींची हजेरी काढा आणि कोण येतं ते बघू नका, कोण येत नाही ते बघा.

दुधनेचा · ७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

खडूफळा बाईंना +१. एकाच ओळीत सगळं आलं.

मांजराकाठ · ८ ऑक्टोबर, रात्री ११:०५

काढली. गावातल्या एका वस्तीवरची शाळेत जाणारी अकरा लेकरं आहेत. मंडळात एकही नाही. अकरा वर्षांत एकूण दोन नावं, दोन्ही महिनाभरात गळालेली. गुरुजी भला माणूस, त्यांनी कुणाला नको म्हटलं नसणार. पण पारावर यायला कुणी नको म्हणावंच लागत नाही. मी याच गावचा, चौतीस वर्षांचा, आणि हे मला आज दिसलं. जास्त लिहवत नाही.

शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापकांना विचारतो.

जुना_शाखावाला · ९ ऑक्टोबर, रात्री ८:२०

मी अंबाजोगाईचा. लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर वाढलो. (४ जून १९४१ ची स्थापना. आमच्याकडे तो दिवस वाढदिवसासारखा असायचा.) गाणी येत नाहीत याची काळजी करू नका, आमच्या शाखानायकाचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा होता. त्याच्या आवाजाला हसता हसता आम्हीच सुरात गायला लागलो.

एक हातखंडा सांगतो. तीस लेकरांना एकट्यानं आवरायला जाऊ नका. सहा-सात जणांचे गट पाडा आणि गटाचा नायक त्यांनाच निवडू द्या. स्काऊटमध्येही असाच सहा-आठ जणांचा संघ असतो. मग तुम्ही तीस जणांशी बोलत नाही, पाच नायकांशी बोलता. पहिला नायक हमखास सगळ्यात दांडगा पोरगा निवडला जातो. घाबरू नका. दोन महिन्यांनी पुन्हा निवड घ्या, तोवर पोरांना कळलेलं असतं.

शेडमधला · ९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. त्या हिवाळ्यात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. बाहेरगावचे एक दादा दर रविवारी यायचे आणि आम्हाला लगोरी, गाणी, चित्रं असलं शिकवायचे. दगडांची कमी नव्हतीच. आम्ही पडलेल्या घराचेच चपटे दगड लावायचो.

चार महिन्यांनी ते यायचे बंद झाले. नोकरी लागली असेल, घरी काही झालं असेल. पण आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी आणि माझी बहीण पुढचे दोन रविवार दगड रचून बसलो होतो.

घ्यायची तर घ्या, नको तर नको. फक्त सोडायची वेळ आली तर लेकरांना तोंडानं सांगून सोडा.

बिनकामाचा · १० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

शेडमधला, ...

मी माझी अभ्यासिका कुलूप लावून बंद केली होती. सांगितलं कुणालाच नाही.

मांजराकाठ · १३ ऑक्टोबर, रात्री १०:००

घेतली. गुरुजींसमोर, लेकरांसमोर. सहा महिन्यांसाठी घेतो म्हणून सांगितलं, मग पुन्हा सगळे मिळून ठरवू. गुरुजी हसले, "मी पण सहाच महिने म्हणालो होतो." बायकोशी तह झाला: मुलगी मंडळात येणार आणि बायकोही येणार. म्हणजे दुसरं मोठं माणूस, तेही बाईमाणूस, घरातूनच मिळालं. मुख्याध्यापकांनी मैदान आणि ओसरी दिली, खोल्यांची चावी दिली नाही. बरंच झालं.

ओहायोतला_परभणीकर · १६ ऑक्टोबर, पहाटे ४:३०

इथे उशिरा पोचलो. मी मूळचा परभणीचा, सध्या मुक्काम ओहायो. इकडे 'फोर-एच' नावाची मुलांची मंडळं असतात, त्यातल्या एकाचा मी चार वर्षं स्वयंसेवक आहे. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ म्हणून चार एच, खूण चार पानांची. याची सुरुवात १९०२ साली याच राज्यात क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाप्रमुखानं शेतकऱ्यांची मुलं जमवून केली. मका आणि भाजीपाला लावणं, मातीची परीक्षा असली कामं. आज हे सगळं सरकारी मदतीवरच्या कृषी विद्यापीठांच्या विस्तार विभागामार्फत चालतं. म्हणजे समजा आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं गावोगाव मुलांची मंडळं चालवली तर कसं, तसं.

मला स्वयंसेवक करताना आधी माझी गुन्हेगारी नोंद तपासली, मग प्रशिक्षण. खडूफळा बाईंनी सांगितलेला दोन मोठ्यांचा नियम इकडेही आहे.

पण मला खरा धक्का पहिल्या बैठकीत बसला. टेबलाच्या टोकाला बारा वर्षांची अध्यक्ष. शेजारी सचिव, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचतेय. खजिनदार दहाचा, त्यानं शेवटच्या नाण्यापर्यंत शिल्लक सांगितली. मी भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, मला बोलायची संधी कधी येणार? आलीच नाही. दोन तासांत माझं काम एक: खिडकी उघडून देणं, ती जड होती.

मग प्रत्येक लेकराचा वर्षभराचा एक प्रकल्प. कुणी ससे पाळतं, कुणी शिवण, कुणी रॉकेट. आणि त्याची वही: किती खर्च, किती खाद्य, काय चुकलं. उन्हाळ्यात काउंटीची जत्रा असते, तिथे ते दाखवायचं. माझ्या मंडळातल्या एका पोरीनं मेंढी वाढवली, जत्रेत लिलाव झाला, चांगले पैसे आले. ती वही घट्ट धरून रडत होती. मी काहीतरी समजावायला पुढे झालो तर आमच्या जुन्या बाईंनी मला कोपरानं थांबवलं. तिच्याजवळ आधीच दुसरी एक मुलगी जाऊन बसली होती, मागच्या वर्षी तिचं वासरू गेलं होतं.

जुना_शाखावाला · १६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आमच्या धाराशिवकडे उस्मानाबादी शेळी आहे, जुळी करडं देणारी. हा प्रकल्प आपल्याकडे सहज होईल. फक्त लिलावाऐवजी बकरी ईद किंवा जत्रा, आणि रडणं तेच.

कोयता_पाटी · १९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

आमच्याकडचं वेगळंच आहे. मी बीड जिल्ह्यातला, माय-बाप ऊसतोडीला. मी स्वतः आठवीपर्यंत अर्धं वर्ष फडात काढलंय. मांजराकाठ, तुमच्या गावातून किती कोयते जातात? (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की हंगामभर दोघं बांधलेले.) दसरा-दिवाळी झाली की गाड्या लागतील आणि तुमची हजेरी एका आठवड्यात अर्ध्यावर येईल. तुम्हाला वाटेल, माझंच काहीतरी चुकलं.

दोन गोष्टी करा. काही लेकरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात. त्यांचे रविवार फार लांब असतात, त्यांना आधी धरा. आणि जी जातात त्यांचं नाव हजेरीतून खोडू नका. आमच्या शाळेत मी चैत्रात परत गेलो की माझं नाव पटाच्या शेवटी नव्यानं लिहिलेलं असायचं, दरवर्षी नवा नंबर. एवढीशी गोष्ट, पण पोरगं समजून जातं.

मांजराकाठ · २० ऑक्टोबर, रात्री १०:३०

आमच्याकडून नऊ कोयते. म्हणजे मंडळातली सात लेकरं. तुमचा प्रतिसाद पोरांना वाचून दाखवला. नायकांनी ठरवलं, गेलेल्यांच्या रकान्यात गैरहजरीची फुली मारायची नाही, 'गावाला' असं लिहायचं. एक पोरगी म्हणाली, "गावाला कसं? गावाहून गेलेत की ओ." मग 'फडावर' ठरलं.

तेरणा · ४ डिसेंबर, दुपारी ३:२०

धागा वर काढतेय. मी धाराशिव जिल्ह्यात मुलींच्या गटासोबत काम करते. एक विचारायचं होतं, तुमच्याकडे चौदा-पंधराच्या मुली टिकतात का?

मांजराकाठ · ४ डिसेंबर, रात्री १०:१०

बाराच्या पुढच्या चारच आहेत. त्यातली एक दिवाळीपासून आली नाही. बायको घरी जाऊन आली. "पाहुणे बघून गेले," असं आईनं सांगितलं. पोरगी नववीत. मी काय करावं? गावात राहायचं आहे.

तेरणा · ४ डिसेंबर, रात्री १०:४५

गावात राहायचं आहे म्हणूनच एकट्यानं काही करू नका. मुलीचं वय अठरा पूर्ण नसेल तर २००६ च्या कायद्यानं तो बालविवाह. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याला मदतीला. म्हणजे थांबवणं हे त्यांचं कामच आहे, तुम्ही उपकार मागत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करता येतो. पण लग्नाच्या मांडवात पोलीस हा शेवटचा मार्ग, आता तर नुसते पाहुणे आलेत. तुमच्या पत्नी आणि अंगणवाडीताई, दोघी मिळून आईकडे जा. बापाकडे नंतर. आई बहुतेक वेळा कारण सांगते: आम्ही फडावर गेल्यावर पोरीला कुणापाशी ठेवू? ही भीती खरी असते, तिला कायद्याचं कलम हे उत्तर नाही. वसतिगृहाची जागा, आजीपाशी सोबत, असं काहीतरी हातात घेऊनच जा.

आणि हे सगळं इथे जास्त लिहू नका. गाव लहान असतं, लोक ओळखतात.

मांजराकाठ · ५ डिसेंबर, सकाळी ७:००

समजलो. वरचे काही तपशील बदलले आहेत. पुढचं इथे लिहिणार नाही.

(संपादकांना विनंती, या विषयावरचे अंदाज कृपया काढून टाकावेत.)

मांजराकाठ · ८ जून, रात्री ११:३०

बऱ्याच दिवसांनी. सहा महिने एप्रिलमध्ये संपले, लेकरांनी हात वर करून पुन्हा निवडलं, बायकोनं हात वर केला नव्हता पण खाली पण ठेवला नव्हता. आज लिहितोय ते एका फजितीबद्दल.

ओहायोकरांच्या वहीवरून मे महिन्यात प्रकल्प घेतला: घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी. आमच्याकडे बहुतेक जण घरचंच बियाणं ठेवतात. सोयाबीनचं साल पातळ, पोती आपटली, थप्पी उंच लावली तरी आतला अंकुर दुखावतो, आणि बाहेरून दाणा ठणठणीत दिसतो. चाचणी सोपी आहे. पोत्यात वर-खाली-मधून हात घालून दाणे काढायचे, त्यातले न निवडता शंभर मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले मोड मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर एकरी तीस किलो नेहमीसारखं पेरायचं, कमी आले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर बदलायचं.

बावीस घरांचं बियाणं आलं. ओसरीवर बावीस गुंडाळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. पहिल्या खेपेला पाच गुंडाळ्या उन्हात राहून वाळल्या, त्या पुन्हा केल्या. मी गप्प राहिलो हे माझं मलाच कौतुक. रविवारी उघडल्या. बारीक पांढरे मोड गोणपाटाच्या धाग्यात घुसलेले, सुटता सुटत नव्हते. पोरांनी मान वाकडी करून, जीभ दाताखाली धरून मोजले. एकीनं दोनदा मोजून तिसऱ्यांदा मैत्रिणीकडून मोजून घेतले, कारण तिच्या घरचे ५२ च येत होते.

मग नायकांनी शाळेच्या फळ्यावर तक्ता केला. घराचं नाव, पुढं आकडा. ८४, ७७, ७१... आणि एक ४६. तो ४६ ज्यांचा, ते गावात चार जणांना बियाणं विकणार होते. संध्याकाळपर्यंत गावभर. रात्री ते दारात. बिनकामाचा, तुमची आठवण झाली. "लेकरांच्या खेळापायी माझं दुकान बसवायलाव का?" मी आडतीवरचा माणूस, बाजारात एका शब्दानं माल पडतो हे मलाच कळायला हवं होतं. मी माफी मागितली आणि म्हणालो, सकाळी फळा पुसतो.

सकाळी पुसायला गेलो तर पाच नायक तिथेच. "का पुसायलाव? आकडा खोटा हाय का?" मी म्हणालो, खोटा नाही, पण. त्या 'पण'च्या पुढे मला काही सुचेना. तासभर वाद झाला. एकजण म्हणाला, पुसा, त्यांचं नुकसान होतंय. ५२ वाली म्हणाली, माझ्या घरचा पण कमीच आहे, मला नाही लाज वाटली. शेवटी त्यांनी जे ठरवलं ते मला सुचलं नव्हतं. नावं पुसून नंबर घातले, ज्याचा नंबर त्याला घरी जाऊन सांगितला. आणि ४६ वाल्यांकडे दोघेजण गेले, म्हणाले, तुमच्याच पोत्यातले दुसरे शंभर तुमच्याच हातानं काढून द्या, आम्ही पुन्हा लावतो. तुमच्यासमोर मोजतो.

दुसऱ्या खेपेला ४९ आले. त्यांनी ते बियाणं विकलं नाही. माझ्याशी अजून बोलत नाहीत, पोरांशी बोलतात.

ओहायोतला_परभणीकर · ९ जून, पहाटे ५:००

खिडकी उघडण्यापुरते उरलात. अभिनंदन!

बिनकामाचा · ९ जून, सकाळी ८:१५

पहिल्याच वेळी नाव न लिहिता नंबर लिहायला सांगणं हे मोठ्या माणसाचं काम होतं. एवढं तरी तुमचं होतं. सगळंच लेकरांवर सोडायचं म्हणजे आपण हात झटकायचे असं नव्हे.

बाकी, आमच्या अभ्यासिकेचं कुलूप मी मागच्या महिन्यात काढलं. उंदीर फार झालेत.

मांजराकाठ · ९ जून, रात्री ९:५०

मान्य. ती चूक माझीच. वहीत 'काय चुकलं' या रकान्यात पोरांनी ती माझ्या नावावर लिहिली आहे.

आता पर्जन्यमापक करतायत. प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं. पुन्हा एक अडचण: बाटलीचा तळ खोलगट, पाण्याचं माप चुकतं.

खडूफळा · १० जून, सकाळी ६:३०

तळात खडे घाला, खडे बुडेपर्यंत पाणी घाला, तिथे शून्याची रेघ मारा. तिथून वर पट्टीनं मिलिमीटर. बाटली सरळ भिंतीची घ्या, कमरेत आवळलेली नको. आणि झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवू नका. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे शाळेच्या पत्र्याचं क्षेत्रफळ मोजून त्यांनाच काढू द्या, मजा येते.

मांजराकाठ · २४ जून, रात्री १०:२०

बाटली शाळेच्या मैदानात मधोमध, विटांच्या आधारानं. रोज सकाळी आठला नोंद. पाळी लावलीय, फडावरून आलेली सातही जणं पाळीत आहेत, जुन्याच नंबरावर. आजवरची बेरीज ६८. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई करू नये, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. ते ऐकून पोरं पारावरच्या म्हाताऱ्यांना "अजून सात पाहिजे" असं सांगत फिरायलेत.

दुधनेचा · २४ जून, रात्री १०:४०

मग थांबले का लोक?

मांजराकाठ · २४ जून, रात्री १०:५५

निम्मे थांबले. आमच्या थोरल्या चुलत्यांनी ६८ वरच आज पेरलं. ज्या पोरीची आज पाळी होती ती त्यांचीच नात. तिनं वहीत पावसाच्या आकड्याखाली लिहून ठेवलंय: "आजोबांनी ऐकलं नाही. उगवलं किती ते दहा दिवसांनी मोजायचं."